सांगितल्याबिगार

“माझी कुत्री सांगितल्याबिगार कुणाच्या अंगावर जात न्हाईत, बाई,” मलगोंडा पाटील फाटकाच्या आतून म्हणाले आणि बशीतल्या चहावर त्यांनी शांतपणे फुंकर घातली.

“मग रोज त्यांना सांगतं कोण?” मी विचारलं.

माझ्या एका हातात आण्णांची काठी होती, दुसऱ्या हातात भिकूची साखळी. संध्याकाळची उन्हं उतरत होती. पाटलांची दोन्ही कुत्री, हरण्या आणि बिजली, फाटकाबाहेरच्या धुळीत लांबलचक पसरली होती. शिकारी जातीची कुत्री ती, उंच, पोटं पाठीला लागलेली, तोंडं निमुळती. त्या घटकेला कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, इतकी गरीब जनावरं पंचक्रोशीत नसतील. मला मात्र त्यांची सोंगं चांगली ठाऊक झाली होती.

आज इतक्या वर्षांनी सांगताना हसू येतं, पण तेव्हा माझ्या डोक्यात आग होती आणि डोळ्यांत पाणी. भिकूला आदल्या दिवसापासून लघवी झाली नव्हती.

भिकू म्हणजे माझ्या वडिलांचा, आण्णांचा कुत्रा. एका वेतातली सगळी पिल्लं दगावली आणि हे एकटं राहिलं. पूर्वी ज्या घरात मुलं जगत नसत तिथं वाचलेल्या पोराला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून भिकू, धोंडू असलं काहीतरी नाव ठेवायचे. आण्णांनी तेच केलं. नावाचा गुण म्हणा की आण्णांच्या हाताचा, पिल्लू जगलं, आणि चांगलं म्हातारं होईपर्यंत जगलं. आण्णांनी त्याला वाढवलंही माणसाच्या पोरासारखं. बाळाला न्हाणीत उभं करून आया तोंडानं आवाज काढतात, तसा काढून त्याला शिस्त लावली. घरात नाही, अंगणात नाही. बाहेर जायचं, खांब गाठायचा, आणि धन्यानं सांगितल्यावरच पाय वर करायचा. मी त्यांना म्हणायची, आण्णा, माझ्यापेक्षा तो जास्त ऐकतो तुमचं. त्यावर ते म्हणायचे, त्याला पगार मिळत नाही ना, म्हणून.

मग आण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, आणि त्याहून वाईट म्हणजे शब्द गेले. जन्मभर कोट्या करणारा माणूस तो, त्याच्यापाशी उरले ते हो, नको, भिकूचं नाव आणि आणखी एक शब्द. त्याच सुमारास माझी बदली कर्नाटकाच्या सीमेलगतच्या एका तालुक्याच्या गावी झाली. मी हायस्कूलात गणित शिकवायची. लग्नाचं राहून गेलं ते गेलंच होतं, त्यामुळे मागं कुणाला ठेवायचा प्रश्न नव्हता. आण्णांना, भिकूला आणि चार भांड्यांना घेऊन मी त्या गावी आले.

तो आणखी एक शब्द म्हणजे, “झाली?” सकाळ-संध्याकाळ मी भिकूला फिरवून आणलं की ओसरीवरच्या खुर्चीतून आण्णा मान वर करून तेवढंच विचारायचे. मी म्हणायची, झाली. मग ते मान डोलवायचे आणि समोरचा चहा घ्यायचे. त्याआधी कपाला हात लावायचे नाहीत. दिवसभरातलं आमचं सगळ्यात लांबलचक संभाषण ते. बाहेरच्याला हसू येईल, पण माझा दिवस त्यावर तरून जायचा.

पावसाळा सरता सरता भिकूला मूतखडा झाला. चिरफाड करून तो काढला, आणि गुरांच्या डॉक्टरांनी मला बजावलं की याला तुंबू द्यायचं नाही. पुन्हा तुंबलं तर याचं वय आणि हृदय बघता दुसऱ्यांदा भूल सोसायची नाही. मला त्यापुढचंही दिसत होतं. भिकू गेला की आण्णांचा तो शब्दही जाणार होता, आणि मग त्या ओसरीवर काय उरलं असतं याचा विचारसुद्धा मला करवत नव्हता.

आमचं घर गल्लीच्या टोकाला, पुढं नुसती पायवाट. समोर पाटलांचं दुमजली घर, आणि भिकूनं पसंत केलेला खांब नेमका त्यांच्या फाटकाशेजारी. त्याला लांबवर चालवत नव्हतं, तेव्हा तोच खांब. पाटील गावातले बडे गृहस्थ. टेम्पो होते, मळा होता, आवाजही होता. मी राहायला आले त्याच आठवड्यात त्यांचा टेम्पो माझ्या दारात आडवा लागला, आणि मी वर्गात बोलते त्या सुरात त्यांना सुनावलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आणि तेव्हापासूनच, मी खांबापाशी गेले की ही दोन धुडं उठून वाऱ्यासारखी अंगावर यायची. भुंकायची नाहीत, गुरगुरायची नाहीत, सरळ यायची. मी भिकूला उचलून छातीशी धरायची आणि घराकडे पळायची. बहुतेक वेळा त्याचं अर्धं काम तरी उरकलेलं असायचं, एवढंच नशीब.

गल्लीत कुणाला हे पटेना. दूधवाला जायचा, शाळेची पोरं नाचत जायची, एक आजी शेळ्या घेऊन जायच्या, कुत्री कान हलवायची नाहीत. मी शाळेतल्या कानडे बाईंना मुद्दाम सोबत घेऊन गेले, तर दोघं झोपलेली. पोस्टमनला थांबवून दाखवायला गेले, तरी झोपलेली. साक्षीदार असला की साधू आणि मी एकटी असले की चोर, अशी त्यांची रीत. कानडे बाई मला म्हणाल्या, तुम्ही जरा विश्रांती घ्या. मी मनाशी पक्कं ठरवलं की जसा धनी तशी कुत्री. पाटीलच खिडकीआडून त्यांना माझ्यावर घालत असणार. उलट पाटलांनी गावभर केलं होतं की बाई दगड मारतात, मुक्या जनावराला डिवचतात. ते ऐकून तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आदल्या संध्याकाळी मात्र अति झालं. मला भिकूला उचलायला उशीर झाला, तो त्यांच्या पायांखाली आला आणि एकाचा दात त्याच्या कानाला लागला. जखम एवढीशी होती, पण भिकूनं धसका घेतला. रात्री नाही, सकाळी नाही. खांबापाशी नेला की थरथरायचा आणि परत फिरायचा. दुपारी डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत बघा, नाहीतर घेऊन या, नळी घालू. नळी घालू म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं. घरी आण्णांच्या पुढ्यात सकाळचा चहा साय धरून पडला होता.

म्हणून मी काठी घेऊन पाटलांच्या फाटकाशी गेले होते.

“रोज सांगतं कोण?” पाटलांनी माझाच प्रश्न उलटून विचारला. “कोण न्हाई सांगत. तुम्ही छेड काढताय.”

“मी छेड काढते? तुम्ही स्वतः उभे राहून बघा एकदा.”

“बघतो की.” त्यांनी फाटक उघडलं. “हितंच हुबा ऱ्हातो. न्या तुमचं कुत्रं खांबाला. माझी कुत्री उठली तर उद्याच्याला मळ्यावर नेऊन बांधतो.”

“आणि नाही उठली तर?”

“तर माझ्या टेम्पोवर बोलायचं न्हाई.”

मी भिकूला घेऊन खांबापाशी गेले. बिजलीनं एक डोळा उघडला आणि मिटला. हरण्यानं तेवढीही तसदी घेतली नाही. पाटलांच्या बायको, गंगव्वा, पदराला हात पुसत तमाशा बघायला पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. भिकूनं खांब हुंगला, मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि थांबला.

मी गप्प उभी. पोस्टमनसमोर गप्प होते, कानडे बाईंसमोर गप्प होते, तशीच. परक्या पुरुषासमोर, त्यातून ज्याच्याशी भांडण आहे अशा पुरुषासमोर, हायस्कूलच्या गणिताच्या बाईंनी रस्त्यात ओणवं होऊन ते असलं काही म्हणायचं कसं?

“बघा,” पाटील म्हणाले. “उठली का?”

भिकूचे मागचे पाय लटपटत होते. पोट ताठलं होतं. तो बारीक आवाजात कण्हला आणि तरी माझ्याकडेच बघत राहिला. दुखत होतं, भीती वाटत होती, आणि तरीही तो बिचारा परवानगीची वाट बघत होता. माझी लाज त्यापुढे काय होती? गेली खड्ड्यात, असं मनात म्हणून मी वाकले.

“शूऽऽ,” मी म्हटलं. “शूऽऽ, भिकू, शूऽऽ.”

धूळ उडाली. दोन्ही कुत्री कधी उठली ते दिसलंसुद्धा नाही, एकदम समोर होती. मी काठी टाकून भिकूला कवटाळलं आणि डोळे मिटले. पाटलांची बशी फुटल्याचा आवाज आला, पाठोपाठ त्यांचा. कुत्र्यांशी ते कानडीत बोलायचे.

“बा इल्ली! सुम्न कूड!”

डोळे उघडले तर कुत्री पाटलांच्या पायांशी बसली होती, पण अंग थरथरत होतं आणि नजर खांबावर होती. पाटील त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

“बाई, आत्ता काय म्हटलात?”

“मी काही नाही म्हटलं. तुमची कुत्री उठली ते बघा आधी.”

“ते बघितलं. तुम्ही काय म्हटलात?”

“भिकूला म्हटलं.”

“काय?”

“त्याला... व्हावी म्हणून म्हणतात ते.”

“म्हंजे काय म्हणतात?”

मला संताप आला. “शूऽ म्हणतात. लहान मुलांना म्हणत नाहीत का? शूऽऽ.”

दोन्ही कुत्री पुन्हा उसळली. पाटलांनी एकेका हातात एकेकाचा पट्टा पकडला, मागं रेटली आणि गंगव्वांकडे पाहिलं. गंगव्वांनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना.

“आमच्यात कुत्रं सोडताना काय म्हणत्यात, म्हाईत हाय का?” पाटलांनी मला विचारलं.

“छू म्हणतात. एवढं मलाही कळतं.”

“ते वरडून म्हणायचं, दारात चोर आला तर. रानात वरडून कसं भागंल? मक्यात डुकरं घुसली, आपण वरडलो, तर डुकरं आदी पळत्यात. आमचं वडील दातावर दात धरून निस्ता वारा सोडायचे. ही कुत्री तेच शिकल्याती. मी बांधावर बसतो आनि हळूच म्हणतो—” ते थबकले. हातातल्या कुत्र्यांकडे पाहिलं. मग तोंड भिंतीकडे करून, आवाज न काढता, त्यांनी नुसते ओठ पुढे काढून दाखवले.

मला कळायला थोडा वेळ लागला. मग सगळंच कळलं, पोस्टमन, कानडे बाई, शेळ्यांच्या आजी, सगळं.

“म्हंजे रोज सांगत होतासा तुम्हीच,” पाटील म्हणाले. “सकाळ-संध्याकाळ. माझ्या दारात हुबं ऱ्हाऊन. आनि मी म्हणत होतो, बाई दगड मारत्यात.” आणि ते एवढे हसले की कुत्र्यांचे पट्टे सुटता सुटता राहिले.

मलाही हसू फुटलं असतं, पण भिकू माझ्या हातांत कण्हला. मी म्हटलं, हसू नका पाटील, त्याला कालपासून झालेली नाही. त्यांचं हसू तिथंच थांबलं. जनावरांत वाढलेला माणूस, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. कुत्री गंगव्वांच्या हाती देऊन ते आले, भिकूच्या पोटाखाली हात घातला आणि म्हणाले, दगड झालाय. मग वळून त्यांनी बायकोला सांगितलं, “कुत्री माजघरात कोंड. दार लाव. आनि मिक्सर लाव.”

“मिक्सरात काय घालू?”

“काय बी घाल. त्यास्नी ऐकू न्हाई आलं पायजे.”

गंगव्वांनी शेंगदाण्याच्या चटणीचा मुहूर्त साधला. मिक्सरची घरघर गल्लीभर झाली. मी भिकूला खाली ठेवलं आणि पुन्हा सुरुवात केली. तो खांबाकडे जाईना, पाटलांच्या दाराकडे बघत शेपूट पोटाशी घेऊन बसला. मी त्याच्यासमोर धुळीत बसले. शूऽ शूऽ करून माझ्या तोंडाला कोरड पडली. तेव्हा पाटील धोतर सावरून माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि दातावर दात धरून त्यांनीही वारा सोडायला सुरुवात केली. ज्या आवाजावर त्यांच्या वडिलांनी जन्मभर डुकरांवर कुत्री सोडली, त्या आवाजात ते माझ्या म्हाताऱ्या कुत्र्याची विनवणी करत होते. दूधवाला सायकलवरून उतरला, आमच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता परत सायकलवर बसला. शेळ्यांच्या आजी मात्र थांबून बघत राहिल्या.

काही उपयोग होईना. भिकूनं डोळे मिटायला सुरुवात केली. पाटील हळूच म्हणाले, टेम्पो काढतो, डॉक्टरकडं जाऊ. मला नळी दिसायला लागली, डॉक्टरांची ती टाळलेली नजर दिसायला लागली. मी उठणार, एवढ्यात गंगव्वांचा मिक्सर तापून बंद पडला आणि गल्ली एकदम शांत झाली.

त्या शांततेत आमच्या ओसरीवरून आवाज आला.

“शूऽऽ...”

वाकडा होता, ओला होता, एका बाजूनं निसटत होता. पण होता आण्णांचाच. झटक्यानं त्यांचे शब्द नेले होते, आणि हा काही शब्द नव्हता, म्हणून मागं राहिला असावा. आमची बुटकी भिंत होती, तिच्यापलीकडे बसून त्यांनी आमची सगळी गंमत ऐकली असणार.

“शूऽऽ... भिकू.”

भिकूचे कान उभे राहिले. तो उठला, लंगडत खांबापाशी गेला आणि त्यानं पाय वर केला. आधी काहीच नाही. मग थेंब, थांबला, पुन्हा थेंब, आणि मग धार लागली. आतून हरण्या आणि बिजली माजघराच्या दारावर धडाधड आदळत होती, गंगव्वा दाराला पाठ लावून ओरडत होत्या, आणि भिकूला कशाचीही पर्वा नव्हती. तो डोळे मिटून करत राहिला, करत राहिला. मी रस्त्यात बसून रडत होते आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात तो कसा उतरतो ते मला त्या दिवशी कळलं.

“झाली?” भिंतीपलीकडून आण्णांनी विचारलं.

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं, उभे राहिले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “झाली, आण्णा! चांगली झाली!”

शेळ्यांच्या आजी म्हणाल्या, बरं झालं बाई, आणि शेळ्या हाकत निघून गेल्या.

त्यानंतर आण्णा आणि भिकू दोघंही आणखी काही वर्षं राहिले. मी भिकूला घेऊन बाहेर पडायची वेळ झाली की पाटील फाटकातून हाक घालायचे, बाई, कुत्री आत घेतली, सांगा आता तुमच्याला. सुट्टीच्या दिवशी मी आण्णांची खुर्ची दारापर्यंत सरकवायची आणि सांगायचं काम तेच करायचे. टेम्पो माझ्या दारात लागायचा तो लागतच राहिला. पैज मी हरले की जिंकले याचा निकाल आम्ही कधीच लावला नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं थोडं राहिलं. पाटील आमच्याबरोबर आत आले. भिकू सरळ आण्णांच्या पायांवर जाऊन पडला. आण्णांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला, साय धरलेल्या कपाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी तो कप उचलला आणि आत जाऊन तिघांचा ताजा चहा टाकला. पाटलांना कपासोबत बशी दिली, त्यांची फुटलीच होती.

आण्णा डाव्या हातानं चहा प्यायला लागले. पाटलांनी चहा बशीत ओतला, बशी तोंडापाशी नेली, फुंकर घालायला ओठ पुढे काढले, आणि थांबले. समोर, त्यांच्या घराच्या पायरीवर, गंगव्वांनी नुकतीच मोकळी सोडलेली हरण्या आणि बिजली कान टवकारून आमच्या ओसरीकडे बघत होती.

पाटलांनी ओठ मिटले आणि चहा तसाच गरम प्याले.